येते म्हणून गेलेली

कळंबच्या आनंद मास्तरने शोकांतिका लिहायला घेतली आणि हात काही आखडता घेतला नाही. पहिल्या पानावर घुबड, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर थेट स्मशान. शेवटी नायिका घर सोडून कालव्याकडे निघते. तालमीत नेमक्या त्याच प्रवेशाला पेटीवाला जांभई द्यायचा.

दिग्दर्शक कुंडलिकरावांनी पेन्सिल हातात घेतली. "मास्तर, घुबड काढा, वीज काढा. भ्या साध्या शब्दातनं येतंय. उंबऱ्यात पोरगी काय म्हणती, तेवढंच ठेवा."

पोरगी म्हणायची, "येते मी." घरातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? म्हटलंच, तर घरातलं मोठं माणूस तोंडावर हात ठेवतं.

नायिका करणारी जयवंता निरवांगी गावची. आनंदच्या घराशी तिची ओळख ना पाळख. पाचव्या तालमीला ती उंबऱ्यात थबकली आणि म्हणाली, "जाते मी."

पेटीवाल्याची जांभई तोंडातच राहिली.

"हेच पायजे!" कुंडलिकराव कुजबुजले.

"नाही!" आनंद ओरडला. "लिहिलंय तेच म्हणायचं."

ओरडायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी त्याची धाकटी बहीण छकुली अशीच उंबऱ्यात उभी राहिली होती. "जाते, दादा," म्हणाली. कानाला ते खटकलं होतं, पण त्याने मोबाईलमधून मान वर केली नाही. कालव्याला पाणी सुटलं होतं. काठावर चपला सापडल्या, ती सापडली नाही. आईने विचारलं, "निघताना काय म्हणली रं?" खरं सांगायला जीभ रेटेना. "येते म्हणाली," त्याने सांगितलं. तेव्हापासून त्याची आई बनाबाई रोज तिन्हीसांजेला उंबऱ्याशी पणती लावायची आणि एक भाकरी जास्तीची थापायची. ती भाकरी बघितली की आनंदला स्वतःचीच किळस यायची.

बारामतीच्या स्पर्धेत दुपारचा प्रयोग होता. लेकाचं कौतुक बघायला आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. शेवटचा प्रवेश आला. आता घुबड नव्हतं, वीज नव्हती. एक रिकामी घागर आणि उघडं दार. जयवंता उंबऱ्यात थांबली. प्रेक्षकांकडे बघायचं सोडून तिने विंगेत, थेट आनंदकडे पाहिलं.

"जाते, दादा."

नाटकातल्या मुलीला भाऊच नव्हता.

पडदा पडल्यावर जयवंता रडकुंडीला आली. "मास्तर, शप्पत, माझ्या तोंडातनं कसं आलं मला न्हाय ठावं."

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली. घरी पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ती पायरीवरच बसून राहिली.

"आई, दिवा लावायचाय ना?"

"त्या पोरीवानीच म्हणली व्हती ना आपली छकुली?"

आनंदने मान खाली घातली. "व्हय."

बनाबाईने पणती उचलली, पदराने पुसली आणि कोनाड्यात पालथी घातली. "तवाच सांगितलं असतंस, तर रडून तरी घेतलं असतं रं," ती म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने लेकीच्या नावाने हंबरडा फोडला.