मॅडमचं रियुनियन

“मॅडम, बेड क्यूं जा रहा है?”

आखातातल्या अल हिलाल वस्तीतल्या त्या व्हिलातून पॅकर्सची माणसं पलंग सुटा करून बाहेर आणत होती. घराचा जुना ड्रायव्हर धनाजी गाडी पुसायचं फडकं हातात धरून दारात उभा होता.

“वुई मूव्ह, धनाजी. टू रेयुनियों. आय टोल्ड यू, नो?”

सांगितलं होतं, मॅडमनी खरंच सांगितलं होतं. रमजानच्या आधी, गाडीत. पण रियुनियन म्हणजे काय, हे धनाजीला का कुणी शिकवायला हवं? त्याच्या दहावीच्या बॅचचं रियुनियन दर दिवाळीत होतं; फेटे बांधून, माईक लावून, गुरुजींना शाल-श्रीफळ देऊन. धनाजी ते इथून मोबाइलवर बघतो. मॅडमचंही तसंच असणार, त्याला वाटलं. भावंडं जमतील, मजा करतील, शाळा सुरू व्हायच्या आत परत येतील. ही फ्रेंच मंडळी दर उन्हाळ्यात जायचीच. म्हणून तर शेजारच्या व्हिलाचा ड्रायव्हर युसुफनं स्कूलबसवरची नोकरी आणली, तेव्हा धनाजीची स्वारी तोऱ्यात म्हणाली होती, “मैं घर का आदमी हूं. उनको छोड के कैसे आऊं?” ती बस मग दुसऱ्याला मिळाली.

दुपारी खोलीवर त्यानं ही हकिकत पोपटरावाला सांगितली. पोपटराव त्याच्याच तालुक्यातला सुतार. त्यानं मोबाइलवर नकाशा काढला आणि कपाळावर हात मारला.

“आरं येड्या, हे बेट हाय! आफ्रिकेच्या पल्याड, समुद्रात. फ्रान्सचं राज्य हाय तितं.”

“बेटाचं नाव रियुनियन? असलं नाव कोण ठेवतं?”

“ते ऱ्हाऊ दे. तुझा व्हिसा त्यांच्या घराचा. त्ये गेले की तुझं खलास.”

“उज्ज्वलाचं नर्सिंगचं दुसरं वरीस हाय,” धनाजी म्हणाला. लेकीशिवाय त्याला दुसरं काही सुचेना. मग एकदम म्हणाला, “मला बी संगं न्हेलं तर?”

“इचार की. तोंड हाय न्हवं?”

संध्याकाळी साहेब अंगणात खोकी मोजत होते. खुशीत होते. तिकडे घेतलेल्या बंगल्याचे फोटो त्यांनी आपणहून दाखवले. नारळ, केळी, समुद्र. पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. केळी बघून धनाजीला आशा वाटली. केळीची बाग त्याला अंगणासारखी ओळखीची.

“सर, आय ऑल्सो कम. गार्डन, क्लीनिंग, एनीथिंग.”

साहेबांनी फोन खिशात टाकला.

“देअर आय ड्राइव्ह मायसेल्फ, माय फ्रेंड. अँड पेपर्स… व्हेरी डिफिकल्ट.”

“सर, प्लीज.”

आपल्या आवाजाची धनाजीलाच लाज वाटली. तरी तो पुन्हा म्हणाला, “प्लीज, सर.” साहेब माणूस वाईट नव्हता, हेच वाईट. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले. 

त्यांना विमानतळावर सोडायला तोच गेला. मॅडमचे डोळे भरून आले. धनाजीनं बॅगा ट्रॉलीवर नीट रचून दिल्या आणि हसून हात हलवला.

साहेबांची गाडी विकत घेतलेला नसरुद्दीन पार्किंगमध्ये थांबला होता. किल्ली घेऊन तो स्टिअरिंगवर बसला.

“बैठो भाई, रूम पे छोड देता हूं.”

धनाजी पुढं झाला, मॅडमसाठी उघडायचा तसं त्यानं मागचं दार उघडलं आणि ते धरून, मान किंचित झुकवून, बाजूला उभा राहिला.

नसरुद्दीनला आरशात तो दिसत होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही.