भाव उतरेपर्यंत खुंटीवर

जगाचा कारभार राजवाड्यांतून, कचेऱ्यांतून आणि मोठमोठ्या पेढ्यांतून चालतो, ही एक लोकप्रिय अफवा आहे. जगाचा कारभार मी चालवते. मी किती खोल बुडते आणि किती भरून वर येते, यावर कोण तृप्त आणि कोण नाराज हे ठरते.

मित्रांनो, मी एक जुने ओगराळे आहे. आणि ज्या जगाबद्दल मी बोलते आहे त्यात थोडी बाकडी, एक डाळीचे पातेले आणि एक गळका नळ एवढेच आहे. त्या जगाला खानावळ म्हणतात.

ओगराळे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एक खोलगट वाटी घ्यावी, तिला उभा लांब दांडा जोडावा आणि आत थोडा स्वाभिमान ओतावा. झाले ओगराळे. मला एका तांबटाने पितळेच्या पत्र्यातून ठोकून ठोकून घडवले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी हातोडीचे घाव सोसले, मला डाळपण आले. तक्रार नाही. देवाला काही रोज गरम डाळीत डुंबायला मिळत नाही.

खानावळ काकूंनी काढली तेव्हा त्यांनी मला बाजारातून पारखून आणले. "खोल आहे ना? मग हेच द्या," एवढेच त्या म्हणाल्या. काकूंचा वाढण्याचा एक कायदा होता: सांडले तरी चालेल, कमी पडता कामा नये. मी पातेल्यात डुबकी मारायची, काठोकाठ भरून वर यायचे आणि वाटीत रिते व्हायचे. रोज जेवायला येणारा एक रंगारी होता. दिवसभर शिडीवर चढउतार करून त्याच्या पोटात खड्डा पडलेला असे. तो म्हणायचा, "काकू, हे ओगराळं नाही, विहीर आहे." मी त्या दिवसांत इतके चकाकत असे की लोक ते घासणाऱ्या बाईचे श्रेय समजत. खरे म्हणजे ती कौतुकाची लाली होती.

मग महागाई आली. चार दिवसांची पाहुणी म्हणून आली आणि अंथरूण पसरून मुक्कामालाच राहिली. डाळ चढली, तेल चढले, गॅस चढला. उतरला तो फक्त काकूंचा चेहरा. ताटाचा भाव वाढवावा, तर रोजची माणसे तुटतील. न वाढवावा, तर खानावळ बुडेल. शेवटी काकू भांडीवाल्याकडे गेल्या आणि एक चकचकीत स्टीलचे ओगराळे घेऊन आल्या. बाहेरून ते हुबेहूब माझ्याएवढे. आत मात्र बूड चांगले वर उचललेले. भांडीवाल्याने त्याला कौतुकाने नावही दिले होते, "वाढीव भावाचं ओगराळं. सध्या हेच खपतं काकू, सगळे नेतात."

त्या दिवशी काकूंनी मला पुसले, खुंटीवर टांगले आणि आजूबाजूला कोणी नाही असे पाहून हळूच म्हणाल्या, "भाव उतरले की तुलाच काढीन हो."

मित्रांनो, वचन मिळाले की वस्तू वाट पाहते. मी पाहिली. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या दांड्यापासून कपाटापर्यंत जाळे बांधले, पण घरमालक म्हणून मला कधी भाडे दिले नाही. खुंटीवरून सगळे दिसायचे. रंगारी जेवण झाल्यावर दोन पेले पाणी जास्त पिऊ लागला. लोक वाटीकडे बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि मग फार मन लावून हात धूत. पोटाला कळले होते, तोंडाला सांगवत नव्हते. एकदा काकू माझ्याकडे बघून काकांना म्हणाल्या, "भाव काही उतरत नाहीत. उगाच लटकवून काय करायचं? देऊन टाकू मोडीत." माझ्या पितळेचे पाणी पाणी झाले.

काका म्हणजे काकूंचे यजमान. ते गल्ल्यावर बसत आणि रेडिओ ऐकत. रेडिओवर त्यांचा इतका विश्वास की तो पाऊस म्हणाला तर ते उन्हात छत्री उघडत. एके दिवशी काकू बाजारात गेलेल्या असताना रेडिओ म्हणाला, महागाईचा दर घसरला. काका ताडकन उठले. बाहेरच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिले, "महागाई घसरली! मोठे ओगराळे परत! – मालक." मग स्टुलावर चढून मला खाली काढले, कोळ्याला निरोप दिला, मला खळखळून धुतले आणि थेट पातेल्यात सोडले.

काय सांगू मित्रांनो! ती ऊब, तो फोडणीचा वास! मी वेड्यासारखे डुबक्या मारत होते. फळा वाचून नेहमीची माणसे आलीच, शिवाय कधी न येणारीही आली. काका "घ्या, घ्या" म्हणत वाढत होते. आणि अचानक मी तळाला ठण्णकन आपटले. पातेले रिकामे, रांग अजून दारापर्यंत, आणि पुढे कोरडी वाटी घेऊन उभा रंगारी.

तेवढ्यात काकू बाजाराची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. आधी त्यांनी फळा वाचला, मग रांग पाहिली, मग मला.

"हे खाली कोणी काढलं?"

"मी," काका छाती काढून म्हणाले. "महागाई घसरली. रेडिओनं सांगितलं."

"घसरली? कुठे घसरली? मी आत्ता बाजारातूनच आले, मला कुठे पडलेली दिसली नाही ती." काकूंनी पिशवी बाकावर ठेवली. पिशवी मोठी होती, पण अर्धी रिकामी असल्याने लाजून अंग चोरून बसली. "मीही ऐकली ती बातमी, डाळवाल्याच्या दुकानात. त्याला म्हटलं, उतरव मग भाव. तो म्हणाला, काकू, भाव उतरला नाहीये, फक्त आता सावकाश चढतोय."

"पण दर कमी झाला म्हणजे..."

"तुमचं पोट गेल्या वर्षीपासून वाढायचं थांबलंय ना?"

"थांबलंय तर!" काका अभिमानाने म्हणाले.

"मग लग्नातला कोट घालून दाखवा."

सारी रांग हसली. काकांनी श्वास आत ओढला आणि ते गुपचूप गल्ल्यामागे जाऊन बसले. त्यांनी रेडिओही बंद केला.

"काकू, कोट राहू द्या," रंगारी म्हणाला. "मला जेवायला आहे का काही?"

हसणे थांबले. काकूंनी पातेल्यात पाहिले.

"आणि रागावणार नसाल तर एक विचारू? त्या स्टीलच्या ओगराळ्याचं बूड वर आहे ना?"

काकूंचे कान लाल झाले. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दुपारी शिडीवर पाय लटपटले."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुम्ही ताटाचा भाव वाढवला नव्हता. कुठल्या तोंडानं बोलू?"

"अरे, तू बोलशील म्हणून तर वाढवला नव्हता!"

तेव्हा कोपऱ्यातून वाचनालयातल्या बाई खाकरल्या. या बाई जेवतात चिमणीच्या चोचीने आणि बोलतात त्याहून कमी.

"मी सांगू का? मला ते धाकटं ओगराळंच बरं पडतं. आधी माझी अर्धी वाटी रोज उरायची. मोरीकडे नेताना वरून हात आडवा धरायचे, काकूंना दिसू नये म्हणून."

"अगं बाई! आणि मी मोरीत ती डाळ बघून रात्रंदिवस म्हणायचे, मीठ चुकतंय की काय!"

काकूंनी मला उचलले, न्याहाळले. माझा जीव दांड्याशी आला. खुंटी की मोड?

"भाव उतरायची वाट बघत बसले," त्या म्हणाल्या, "तर हे खुंटीवरच राहील आणि मी वर जाईन." मग रंगाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बस तिथे. उपाशी जायचं नाही. डाळ टाकते."

डाळ शिजेपर्यंत त्यांनी फळा पुसला. "मालक" हा शब्द जरा जास्तच जोर लावून पुसला. नवा मजकूर असा: "ताट आजपासून थोडे महाग. ओगराळे मोठे की धाकटे, ते ज्याने त्याने सांगावे." आणि आम्हा दोघांना पातेल्याशेजारी उघड्यावर ठेवले, बूड सगळ्यांना दिसेल असे.

सुरुवातीला जो तो "मोठं, मोठं" म्हणायचा. आयता मोठेपणा कोणाला नको? मग पोटे गच्च झाली आणि माणसे खरे बोलू लागली. ज्याला शिडी चढायची त्याला मी, ज्याला खुर्चीत बसायचे त्याला ते धाकटे. मोरीत वाहून जाणारी डाळ रंगाऱ्याच्या वाटीत जाऊ लागली. वाढलेल्या भावामुळे काही माणसे तुटली हे खरे. त्यातली काही दुसरीकडचे उचललेले बूड पाहून परतही आली. महागाई गेलेली नाही. पण ती आता धावत नाही, चालते. आणि चालणाऱ्याबरोबर निदान पावले तरी जुळवता येतात. काका मात्र हल्ली बातमी ऐकली की आधी काकूंच्या पिशवीकडे बघतात.

मित्रांनो, जुने भाव परत येतील तेव्हा काढू, म्हणून कोणालाच खुंटीवर टांगून ठेवू नका. जुने भाव येत नसतात, जुनी भांडी येऊ शकतात. कमी वाढायची वेळ आली तर तसे सांगून वाढा. पोट समजून घेते, फक्त त्याला फसवू नये. आणि जे तुमच्या भुकेला पुरले, त्याला प्रेमाने घासा, पुसा, जपा.

मला आणखी पुष्कळ उपदेश करायचा होता. पण दुपारची पंगत नुकतीच उठली आहे, मी खरकटे होऊन मोरीत पडले आहे, धाकटे माझ्या अंगावर रेलून झोपले आहे. तेव्हा तुमच्यापैकी कोणी हात धुवायला उठलेच असेल, तर तेवढा नळ नीट बंद करा. थेंब नेमका माझ्या डोक्यावर पडतो आहे.