फुलीच्या बांधावरचे भुंगेरे

माझा बांध अख्ख्या पिंपळवंडीत नावाजलेला. गवताची काडी दिसायची न्हाई. वर्षातनं तीनदा तणनाशक मारते मी. आलंगेलं पावणं म्हणायचं, बांध बघून बाई कळती. आन् शेजारीच माझ्या धाकट्या जावेचं, फुलाबाईचं रान. तिच्या बांधावर गुडघाभर गवत. कापती तेबी अर्धंच, बाकीचं तसंच ठेवती. आळशी मेली! वीस वर्षं मी हेच म्हणत आले आन् गावबी माना डोलवत आलं.

यंदा जुन्नरची आरफा आली. कॉलेजात किड्यांचा अभ्यास करती. आमा दोघींच्या कोबीत तिनं प्लास्टिकचे पेले पुरले, तोंड मातीच्या बरोबरीला. भुंगेरे चालता चालता आत पडत्यात, मग ती मोजून परत सोडायची. काळे भुंगेरे कोबीच्या अळ्या खात्यात म्हणं. जिच्या रानात जास्ती, तिच्या बांधावर नावाची पाटी लागणार व्हती, आन् तालुक्यातले शेतकरी शिवारफेरीला तिथंच येणार व्हते.

पयल्या मोजणीला माझ्या पेल्यांत तीन. फुलीच्या एक्केचाळीस.

अंगाची लाहीलाही झाली माझ्या. "काकू, त्यांच्या गवतात भुंगेऱ्यांना घर मिळतं. तुमच्या बांधावर लपायला जागाच नाही," आरफा म्हणाली. घर म्हणं! जन्मभर मी कंबर मोडायची आन् पाटी त्या गबाळीची? लगीन होऊन आली तवापासनं हेच. सासूबाई भाकरी माझ्या हातची खायच्या आन् गुण तिचे गायच्या.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी फटफटायच्या आत मी फुलीच्या बांधावर. दगड उलथले, गवताची बुडखं चाचपली, डबाभर भुंगेरे धरले. माझ्या पेल्यांत सोडले आन् चुलीपाशी येऊन बसले. जीव आसा गार झाला म्हणून सांगू!

आठ वाजता आरफानं माझा पयला पेला काढला आन् किंचाळलीच. "काकू! फुलाकाकू, तुम्हीपण या इकडं!"

निम्म्या भुंगेऱ्यांच्या पाठीवर लाल ठिपके. बारीक, नेलपॉलिशचे. फुलीच्या रानातले मोजून सोडताना ह्या पोरीनंच लावलेले. त्या अंधारात मला कुठलं दिसतंय!

म्हटलं, पकडली चोरी. पण वहीत लिहिता लिहिता पोरगी नाचायचीच बाकी राहिली व्हती. "काकू, कळलं का तुम्हाला? फुलाकाकूंच्या बांधावरचे भुंगेरे चालत तुमच्या कोबीत येतात, तुमच्या अळ्या खातात! तुमचं पीक त्यांच्या गवतामुळं वाचतंय! शिवारफेरीत हे तुम्हीच सांगायचं. माईकवर, सगळ्यांसमोर."

गप बसले असते तर चोरी पचली असती. पण माईक धरून मी म्हणायचं, फुलाबाईच्या जिवावर माझं रान पिकतं? त्यापरीस चोर म्हणवून घेतलेलं बरं!

"चालतबिलत न्हाई आले," मी म्हणाले. "मीच आणलेत, डब्यातनं, तिच्या बांधावरनं. खोड ते लिहिलेलं."

आरफाचं तोंड एवढंसं झालं. मान खाली घालून तिनं वहीतल्या ओळीवर रेघ मारली. मी फुलीकडं बघितलं. म्हटलं, आता हिचं तोंड सुटंल. सुटू दे! मीबी वीस वर्षांचं साठवून ठेवलंय.

"मी बघितलं व्हतं, आक्का," फुली म्हणाली. "म्हटलं न्हेऊ द्यात, त्यांच्या कोबीलाबी अळी हायेच की. अजून लागले तर न्या. फकस्त दगड व्हता तसा ठेवत जावा, खाली त्यांची अंडी असत्यात."

बास, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर दामदुपटीनं परत केल्या असत्या मी. तिथंच कोबीत उभ्या उभ्या मला रडू फुटलं. रागानं हो, दुसरं काय न्हाई.