उखर्डूआबांची सही आणि विहिरीजवळची केळ

समजा, आपण चोपड्याजवळच्या एका केळीच्या बागेत उभे आहोत. साल एकोणीसशे त्रेपन्न. बाहेर ऊन, पानांखाली गारवा. समोर रतिलाल एक कागद घेऊन उभा आहे आणि त्याचे वडील, उखर्डूआबा, त्या कागदाकडे बघायलाही तयार नाहीत.

रतिलाल जळगावच्या कॉलेजात बी.ए. करत होता. पुढे त्याला तत्त्वज्ञान हा विषय घ्यायचा होता. कागदावर वडिलांची सही हवी होती आणि उद्या शेवटचा दिवस. आबांचं म्हणणं, अर्थशास्त्र घे, निदान बाजारभाव तरी कळतील. तत्त्वज्ञान म्हणजे रिकाम्या माणसांच्या गप्पा. त्या आपल्या पारावरही ऐकायला मिळतात.

शेवटी आबा म्हणाले, "या मंदीला समजावून सांग. तिला कळलं तर सही करतो."

मंदी म्हणजे रतिलालची आठ वर्षांची बहीण. रतिलालनं पुस्तकातले मोठमोठे शब्द सुरू केले, तशी तिनं जांभई दिली. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि विहिरीजवळची केळ दाखवली. घड उतरला की खांब तोडायचा, बुंध्याशी फुटलेलं एक पील ठेवायचं आणि तेच वाढवायचं, हे मंदीला पाठ होतं.

"ही केळ कोणी लावली?"

"आजोबांनी. आबा सगळ्या पाहुण्यांना सांगतात."

"आजोबांची तर केव्हाच तोडली. मग तिचं पील वाढलं, मग त्या पिलाचं पील. मग ही आजोबांची कशी?"

आबा उसळले. "तीच शे. कंद तोच, जागा तीच."

"पण आबा, जुना कंद तर कुजतो," मंदी म्हणाली.

आबा बुंध्याशी उकिडवे बसून माती बाजूला सारू लागले. घरातून जेवायला दोनदा हाक आली. ती त्यांनी ऐकलीच नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी रतिलालला विचारलं, की तुझ्या पुस्तकात याचं उत्तर काय दिलंय. रतिलालनं खरं ते सांगितलं: लोक दोन हजार वर्षं वाद घालताहेत, अजून काही ठरलेलं नाही.

"मग जा, शीक," आबा म्हणाले, "आणि ठरलं की आधी मला सांग." गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

रतिलाल जळगावच्या गाडीसाठी पळाला. मंदी शेजारच्या केळीपाशी गेली, परकर खोचला आणि दोन्ही हातांनी बुंध्याची माती उकरायला लागली.