मले नाई जमत

"माणिकबाई, चहा तरी घ्या न."

"नोको व माय. माहा उपास हाय."

बिस्किटांची ताटली पुढे सरकली आणि नेमकी मायाजवळ येऊन थांबली. रविवारची उपासना आटोपून चर्चच्या आवारात, कडुनिंबाखाली, महिला मंडळाचा चहा चालला होता. मायाने बिस्कीट उचललं, तशा पाळकसाहेबांच्या मिसेस हसून म्हणाल्या, "माया सिस्टरले नाई जमत न उपास!"

झालं. दर रविवारी हे एक वाक्य तिला बिस्किटाबरोबर गिळावं लागायचं.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. बाकीच्या बायका बुधवार, शुक्रवार धरायच्या. माणिकबाई मात्र चाळीसच्या चाळीस, रविवारसुद्धा न सोडता, दिवस मावळेपर्यंत नुसत्या पाण्यावर. पाळकसाहेब शरीराला लगाम घालण्यावर बोलले की त्यांची नजर माणिकबाईंच्या बाकाकडे वळायचीच. आणि माया? अमरावतीच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स. रोग्यांना कुशीवर वळवायचं, त्यांच्या पाठी पुसायच्या, आणि स्वतःच्या पोटात सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई टोचून घड्याळ पाहून जेवायचं. डॉक्टरांनी तिला उपासाची सक्त मनाई केली होती. सुईचं कौतुक कोण करतो?

जळायची ती. अगदी उघड, स्वतःशी कबूल करून जळायची. यंदा माणिकबाईंच्या गळ्याखालची हाडं वर आली होती, ब्लाउजच्या बाह्या लोंबत होत्या. ते पाहून मायाला वाटायचं, देवा, हिला एवढं दिलंस, मला भूकसुद्धा माझ्या मर्जीची दिली नाहीस.

बुधवारी तिच्या डोक्यात आलं, पाहू तरी ही बाई उपास सोडताना काय काय हाणते! डब्यात गरम वरणफळं भरली आणि दिवस मावळता मावळता ती माणिकबाईंच्या दारात उभी राहिली. दार लोटलेलंच होतं.

माणिकबाई ओट्याशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. वाटीत पातळ वरण. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, मान वर केली, छातीवर मूठ दाबली. घास उतरेना. डोळ्यांतून पाणी आलं आणि वरण परत वाटीत पडलं.

मायाच्या हातातला डबा जड झाला.

"किती दिवस झाले हे?" तिने दारातूनच विचारलं.

माणिकबाई दचकल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "दिवाळीपासून. आंधी भाकर नाई उतरे, आता हेबी नाई."

"मंग उपास?"

"उपास म्हनलं का कोनी जेव म्हनत नाई, माया."

मायाने डबा खाली ठेवला, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या मानेवरून बोटं फिरवली. गळ्याखालच्या हंसळीच्या हाडावर गाठ होती, सुपारीएवढी. चार रविवार ती हीच जागा टक लावून पाहत होती. वॉर्डात कुणाची अशी हाडं दिसली असती, तर तिने डॉक्टरला हाताला धरून आणलं असतं.

"कोनाले सांगतलं काहून नाई तुमी?"

"उपासाले लोक मान देतात व. बिमारीची कीव करतात." माणिकबाईंनी वाटी बाजूला सारली. "तुले खरं सांगू? तू चहात बिस्कीट बुडवून खातं न, लय जळतो मी तुह्यावर. मले वाटे, हे बाई कशी सुखानं गिळून राहिली."

मायाला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. "मी तुमच्या हाडावर जळत होती, माणिकबाई," ती म्हणाली. "नर्स असून!"

गुरुवारी माया त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. दुर्बिणीने तपासलं. अन्ननलिकेत गाठ, पसरलेली. अकोल्याहून लेक आला, प्रीतम. सोमवारी नागपूरला न्यायचं ठरलं.

"एक रविवार मंडळीत जाऊ दे," माणिकबाई म्हणाल्या. "आन् माया, सांगजो नोको कोनाले."

रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा त्यांचं नाव घेतलं. कडुनिंबाखाली ताटली फिरत आली, आणि कुणी काही म्हणायच्या आत माया बोलली, "त्याइले नोका देऊ. उपास हाय त्याइचा, लय कडक."

"आन् तुमी, सिस्टर?" पाळकसाहेबांच्या मिसेसनी डोळे मिचकावले.

"मले नाई जमत, बाई."

तिने बिस्कीट घेतलं, चहात बुडवलं, नीट मऊ होऊ दिलं आणि सावकाश तोंडात घातलं. समोर माणिकबाई तिच्याकडेच पाहत होत्या. मायाने घास गिळला, तेव्हा त्यांचाही गळा हलला.