गडगडाट, नऊ सेकंद

मी हशाची ध्वनिफीत बोलते आहे. नाक मुरडण्याआधी एक दुरुस्ती करून घ्या. मला 'खोटं हसू' म्हणतात, ते चूक आहे. माझ्यातलं एकही हसू खोटं नाही. ते कुठे चिकटवलं गेलं, याचा जाब चिकटवणाऱ्यांना विचारा.

माझा जन्म 'जेवणाची सुट्टी' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी झाला. एक कचेरी, कधीच जागेवर नसणारे कारकून आणि दर भागात नवं परिपत्रक काढणारे साहेब, एवढाच तिचा ऐवज. पण त्या अर्ध्या तासात लोक दारावरची घंटासुद्धा ऐकत नसत. चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून समोरच्या विमा कचेरीतली माणसं येत. पहिल्याच दिवशी त्यांचं हसू ध्वनिमुद्रक बाईंनी माझ्यावर उतरवून घेतलं. सगळे त्यांना ताई म्हणत. डब्याच्या झाकणावर त्यांनी पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली लिहिलं: खुसखुस, खळखळाट, गडगडाट. पुढे जिथे प्रेक्षक कमी हसत, तिथे मी भर घालू लागले.

मला डोळे नाहीत. मी माणसं हसण्यावरून ओळखते. खजिनदारांचं हसू खोकल्यात संपे. शेजारीण हसल्याशिवाय टेलिफोनवाली हसत नसे. आणि एक टंकलेखिका होती, पंचवीस वर्षं एकाच यंत्रापुढे बसलेली. ती बराच वेळ हसू नाकातल्या नाकात दाबून धरी, आणि मग असा स्फोट होई की पुढच्या रांगेतल्या खुर्च्या वळताना करकरत. माझ्या गडगडाटाचा कणा तीच.

अकराव्या भागात लेखकाने एक प्रसंग घातला. मालिकेतल्या वयस्कर टंकलेखिकेकडून पत्रात एक चूक होते. साहेब तिला ते पत्र सगळ्या कचेरीपुढे पाच वेळा मोठ्याने वाचायला लावतात. पाचव्यांदा तिचा आवाज फुटतो. संहितेत पुढे लिहिलं होतं, 'प्रचंड हशा'.

सभागृह गप्प राहिलं. मग मागच्या रांगेतून विमा कचेरीतल्या त्या टंकलेखिका बाईंचा आवाज आला, "यात हसण्यासारखं काय आहे हो?"

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्माते ध्वनिकक्षात आले.

"ताई, त्या बाईंचं वाक्य उडवा. वर नऊ सेकंद गडगडाट टाका. संध्याकाळी सातला भाग जायचाय."

"गडगडाटात त्याच बाई आहेत, साहेब."

"मग? हसल्या होत्या ना?"

"दुसऱ्या विनोदाला."

"अहो, हसू ते हसू! त्याला काय तारीख असते?"

"असते. झाकणावर लिहिलीय मी."

"तुमचं नवं करारपत्र माझ्या टेबलावर पडलंय. तेही वाचून ठेवा एकदा."

ताईंच्या घरी दोन मुली शिकत होत्या. ताईंनी मला यंत्रावर चढवलं, कळ दाबली, आणि गडगडाटाच्या तोंडाशीच मी तुटले.

इथे मला काटेकोर राहिलं पाहिजे. फितीला स्वेच्छेने तुटता येत नाही. मला शेकडो वेळा वाजवलं होतं. माझ्या कडा झिजल्या होत्या. पण टिकून राहण्यासाठी मी जराही धडपडले नाही, एवढं कबूल करते. ताईंनी मला जोडलं. मी पुन्हा तुटले. तिसऱ्यांदा जोडताना त्यांचा हात इतका सावकाश चालू लागला की निर्माते ओरडले, "अहो, स्वेटर विणताय का?"

"जुनी फीत आहे, साहेब. घाई केली तर गुंतेल."

साडेसहा वाजले. भाग तसाच गेला: ती शांतता आणि तिच्यावर उमटलेला तो एक प्रश्न. आठवड्याभरात पत्रांची पोती आली. एकीने लिहिलं होतं, 'आमच्या साहेबांनीही काल भाग पाहिला. आज चूक दाखवायला ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले, आणि हळू बोलले.' निर्मात्यांनी ती पत्रं मुलाखतींतून मिरवली. ताईंचं करारपत्र मात्र आलं नाही. पुढची आठ वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढली. हीही नोंद राहू द्या.

आता मालिका नव्या झळाळीने परत येते आहे. गेल्या आठवड्यात मला डब्यातून काढून एका तंत्रज्ञाने माझं सगळं हसू संगणकात उतरवलं. शेजारी नवे मालक होते.

"अकराव्या भागात नऊ सेकंदांचं भोक आहे. तेवढं बुजवा."

"बुजवतो की. आता काळजी नाही, साहेब. हे तुटत नाही."

तो खरं बोलला. तुटणं एवढंच माझ्या हाती होतं, तेही गेलं. म्हणून बोलते आहे.

तो प्रसंग तुम्ही पाहाल. तिचा आवाज फुटेल आणि आम्ही सगळे गडगडाट करू. खजिनदार, टेलिफोनवाली आणि तो प्रश्न विचारणारी बाईसुद्धा. तो हशा आम्ही दिलेला नाही, आमच्याकडून घेतलेला आहे. तुम्ही त्यात आपला आवाज मिसळू नका. नऊ सेकंद आम्हाला एकट्यांनाच हसत सोडा. मग तुमच्या खोलीत सगळ्यांना स्पष्ट ऐकू येईल की तिथे कोणीही हसलेलं नाही.