वाकड्या आऱ्यांचे चाक

पिलाजीराव बडोद्याच्या सरकारी शेतीफार्मवर सुपरिंटेंडेंट म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी कोठारात त्यांना एक शत्रू सापडला. दुसरा त्याच्याच शेजारी फडके घेऊन उभा होता.

पहिला म्हणजे कडबा कापायचे विलायती यंत्र, वय वर्षे तीस. हिरव्या पायांवर गव्हाच्या ओतीव लोंब्या, छातीएवढे चाक, आणि चाकाचे आरे नागमोडी वळलेले. दुसरे म्हणजे कोठारकर भास्करराव. बावीस वर्षे ते यंत्राला पुसत होते. बढती दोनदा हुकली होती, यंत्राला गंज मात्र एकदाही चढला नव्हता.

"या लोंब्या कुणासाठी? बैल बघतो?" पिलाजीरावांनी विचारले.

"बैल बघतो, साहेब. माणसांचं सांगवत नाही."

या उत्तराची गरज नव्हती. भास्कररावांना गरज नसलेली उत्तरेच झकास सुचत.

संध्याकाळच्या आत हुकूम निघाला: यंत्र फोडावे, आणि त्याच लोखंडातून सरळ आऱ्यांचे, बिननखऱ्याचे यंत्र ओतावे.

भास्कररावांनी फडके खाली ठेवले. ते तडक साहेबांपुढे गेले. "आधी दुसऱ्या लोखंडाचं एक चाक ओतून बघा, मग हे फोडा. ओतीव लोखंड निवताना आकसतं. वाकडा आरा थोडा ताणला जाऊन ती ओढ सोसतो. सरळ आरा तडकतो."

"हे यंत्रानं कानात सांगितलं वाटतं?"

"रोज पुसणाऱ्याला कळतं, साहेब. रोज सह्या करणाऱ्याला कसं कळावं?"

पिलाजीराव हसले. ते हसले की कचेरीत कुणी हसत नसे. "ओतू या. चाक टिकलं, तर यंत्रावर पहिला घण तुम्ही घालायचा. सगळ्यांदेखत."

गुणवंत मिस्त्रीने सरळ आऱ्यांचे चाक ओतले. तिसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीसमोर वाळू उकरली. चाक अखंड निघाले, दिसायलाही बरे होते. पिलाजीरावांनी स्वतः घण उचलून भास्कररावांच्या हातात दिला.

"घाला."

तेवढ्यात मिस्त्रीने सवयीने चाकावर टिचकी मारून पाहिली. आवाज फुटक्या माठासारखा आला. तो वाकला, आऱ्याच्या मुळाशी नख फिरवले.

"साहेब, आमां तो तड पडी छे."

केसाएवढाच तडा होता. पिलाजीरावांनी आणखी दोन चाके ओतवली. एक वाळूतच तडकले. दुसरे उचलताना दुभंगले, साहेबांच्या बुटापासून वीतभर अंतरावर. त्या वेळी भास्करराव खोकले. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळले.

सोमवारी हुकूम आला. यंत्र उपयुक्त ठरल्याने जतन करावे. कोठारकर अनुपयुक्त ठरल्याने ओखामंडळास रवाना करावा.

भास्कररावांनी कोठाराची किल्ली पिलाजीरावांच्या टेबलावर ठेवली. "आठवड्यातून दोनदा तेल, साहेब. फडकं मऊ हवं."

"निघा."

घरी पत्नी गंगाबाई ट्रंक भरत होत्या, आदळआपट करत. "तिकडे समुद्राचा खारा वारा. लोखंडसुद्धा गंजतं म्हणे!"

"म्हणूनच तर," भास्करराव धोतरांच्या घड्या घालत म्हणाले, "त्याला इथं ठेवलं आणि मला पाठवलं."